काऊन पायी चालून राह्यले?

सुट्टीला जायचं ते गाडी न घेता, आणि तेही जिथं पोचल्यावर दोन पायांवर सगळं भागेल अशाच गावी, हे मी जाहीर केलं तेव्हा दोन दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. कोणी म्हणजे आमचे हे. घरात आहोतच दोघं.

कारण आधी सांगून टाकते. यांना काचबिंदू आहे. मोठा लबाड आजार. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा हे वाचून दाखवतात, पण बाजूचं दिसणं कडेकडेनं गिळत हा आत सरकतो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. हे म्हणाले, "बरं." आणि दवाखान्यातून बाहेर पडून बसले ते थेट स्टिअरिंगमागे! पुढं सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तर म्हणे खांबच चुकीच्या जागी. आणि मग एक दिवस डावीकडून सायकलवर आलेल्या एका मुलीच्या हँडलला आमचा आरसा लागला. मुलगी पडली नाही, पण घाबरून रडायला लागली. मी उतरून तिला पाणी पाजलं. हे काचेतून समोर बघत म्हणाले, "ही कुठून आली?" त्यांना खरंच ती दिसली नव्हती.

भांडून झालं, रडून झालं, आमच्या अमोलनं बापाला समजावून झालं. शेवटी मी पैज लावली. चार दिवस गाडीशिवाय काढून दाखवा. जमलं आणि आवडलं, तर किल्ली अमोलच्या हातात. नाही आवडलं, तर या विषयावर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

"तू तोंड उघडणार नाहीस?" हे हसले. "मग मान्य!"

त्यांनी चेष्टेवारी नेलं, पण मी काय पणाला लावलं होतं ते माझं मला माहीत. हरले असते तर उरलेला जन्म डावीकडच्या सीटवर जीव मुठीत धरून, दातांवर दात ठेवून बसायचं. आणि रस्त्यावरच्या कोणाच्या तरी लेकराचं नशीब बघत राहायचं.

गाव ठरवताना

पहिलं नाव अर्थातच माथेरानचं निघालं. ते मीच खोडलं. तिथं गाडीच नाही, मग मोह कसला आणि परीक्षा कसली? महाबळेश्वरला पायी चालायचं म्हणजे लोकांच्या गाड्यांचा धूर खायचा. समुद्रकाठच्या गावांना एका टोकाला देऊळ आणि दुसऱ्या टोकाला बाजार, मधे रिक्षावाल्यांची मनधरणी. मला हवं होतं लहानसं, थंड हवेचं, सपाटीवरचं गाव, जिथं भाजीपासून दवाखान्यापर्यंत सगळं चालत गाठता येईल.

"बुलढाणा," हे एकदम म्हणाले. मी चाट पडले. यांचं लहानपण त्या बाजूला गेलेलं. माझे सासरे पोस्टात होते, बदली देऊळघाटला, बुलढाण्यापासून दहाएक किलोमीटरवर. सातवीपर्यंत हे तिथं शिकले, मग पुण्याला आले. पुण्यातल्या शाळेत यांच्या 'मले-तुले'ला पोरं हसली, तेव्हापासून ती भाषा यांनी जी गुंडाळून ठेवली ती मलाही कधी ऐकवली नाही. मला वाटलं, जुनं गाव, पायाखालचे रस्ते, माणूस आपोआप रमेल. यांनी ते नाव वेगळ्याच हिशोबानं घेतलं होतं हे मला तिथं गेल्यावर कळलं. ते गाव यांना डोळे मिटून पाठ होतं. निदान यांना तसं वाटत होतं.

बुलढाणा

मलकापूरला रेल्वेतून उतरलो आणि एसटीनं घाट चढून वर आलो. वर आल्यावर हवा बदलते, कानाला गार लागते. थंडीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी पडत आलेली तूर, आणि वेचून झालेल्या कापसाची चुकार बोंडं काटक्यांना लटकलेली. एसटीत बसल्या बसल्या यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि बोटावर फिरवायला लागले. पुण्याहून बरोबर आणलेली! गाडी तिकडे, किल्ली इकडे. मी बघितलं आणि खिडकीतून बाहेर तोंड वळवलं.

ओळखीतून शकीलभाईंच्या घरची वरची खोली मिळाली होती. त्यांचं ठिबकच्या नळ्या आणि पंपांचं दुकान आहे. खाली दुकान, मधे घर, वर आम्ही. त्यांच्या बायको नसीमबी माझ्याच वयाच्या, देऊळघाटच्या माहेरवाशीण. माझ्या सासऱ्यांना त्यांनी लहानपणी बघितलेलं निघालं! "टपालवाले काका," त्या म्हणाल्या, आणि आमचं भाडेकरूपण तिथंच संपलं. संध्याकाळी सोलेभात आला. तुरीचे कोवळे हिरवे दाणे घातलेला भात, वर कच्चं तेल, शेजारी भाजलेल्या मिरचीचा ठेचा. पुण्यात तुरीची आम्हाला ओळख फक्त डब्यातल्या डाळीची. मी तीनदा वाढून घेतलं आणि लाजले नाही.

जेवताना यांची गाडी सुटली, म्हणजे गप्पांची. कन्याकुमारीला गाडी कशी नेली, बर्फात टायरला साखळ्या कशा बांधल्या, घाटात ब्रेक गेले तेव्हा गिअरवर कशी थांबवली. चाळीस वर्षं, एक ओरखडा नाही! शकीलभाई तोंडात घास ठेवून ऐकत होते. "मंग तर तुम्ही उस्तादच हाये, भाईसाब," ते म्हणाले. "आपली गाडी घेऊन जा उद्या. फिरा आरामात. पायी काऊन फिरता?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी गावात फिरलो. चालायला गाव फार छान आहे हो. पुण्यात रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं, इथं हात दाखवला की समोरचा थांबतो आणि वर 'कुठचे तुम्ही' असंही विचारतो. पुण्यात शेजारी दहा वर्षं राहिलेला माणूस आपण कुठं चाललो ते विचारत नाही. इथं पहिल्याच गल्लीत तिघांना आमची मुलंबाळं, नोकरी, गुडघे सगळं कळलं.

पण मला सुख कसलं! हे पुढं पुढं, मी डोळ्यांत तेल घालून मागं. "इथं हौद होता," असं म्हणून वळायचे तर हौदाच्या जागी मोबाइलचं दुकान आणि त्याच्या पायऱ्या. दोनदा ठेचकाळले. चौकात तर हद्दच झाली. हे समोरची कमान बघत तडक निघाले आणि उजवीकडून रिक्षा आली. मी सदऱ्याला धरून मागं ओढलं तशी बाही उसवली. रिक्षावाला ओरडला, "ओ काकाजी! दिसत नाही का?"

हे त्याच्यावर धावून जायचेच बाकी राहिले होते. मग मलाच म्हणाले, "बघितलंस? गाडीत असतो तर हे झालं असतं का? आवडलं नाही मला. लिहून ठेव."

ते वाक्य ऐकून मला रडू आलं, आणि रागही. बाजारात बोरं घेतली, ती तशीच पिशवीत राहिली.

देऊळघाटची वाट

नसीमबींच्या भावाचं देऊळघाटला शेत. त्यांनी हुरड्याला बोलावलं. शकीलभाई गाडीनं निघणार होते, "आमच्याबरोबर बसा," म्हणाले. पाहुणे पायी आणि आपण गाडीत, हे त्यांना पटेचना. मी पैजेचं नाव न काढता म्हटलं, आम्हाला चालायची हौस आहे, तुम्ही मागून या. सकाळी लवकर निघालो.

आणि तिथंच माझं गणित चुकलं. पुण्याच्या टेकडीवर रोज शेकडो माणसं चालतात, कोणाला काही वाटत नाही. या रस्त्यावर चांगल्या कपड्यांतलं, वयस्क जोडपं पायी दिसणं म्हणजे संकट! दुधाच्या कॅनवाला थांबला. "काऊन पायी चालून राह्यले जी? गाडी बंद पडली का?" नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसेना. ट्रॅक्टरवाला थांबला. "बसा नं काकू, ट्रॉली धुतलेली हाये." मग एक मोटारसायकल थांबली. पिंपळगाव राजाचे वानखडे गुरुजी, इकडच्या शाळेत मास्तर. त्यांनी तर एकेकाला दोन फेऱ्यांत नेऊन पोचवायची तयारी दाखवली.

दर गाडीगणिक यांची मान ताठ होत होती. "बघ," हे म्हणाले. "पायी चालणारा माणूस म्हणजे बिचारा. जगात सगळीकडे हेच. मला बिचारा करून ठेवायचं आहे तुला."

गुरुजी अजून हटत नव्हते. "हौस म्हणता, पण हौसेनं कोणी चालते का? नवस हाये का मंग? शेगावले चालले का?"

इकडची रीत अशी की माणूस पायी निघाला तर एक तर त्याच्याकडे काही नाही, नाहीतर त्याचा नवस आहे. तिसरं कारण त्यांच्या डोक्यातच येत नाही. मी कंटाळले होते. म्हणून टाकलं, "हो, नवस आहे."

"कशाचा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "यांच्या डोळ्यांचा."

गुरुजींनी चपला काढून मला आणि यांना नमस्कार केला. "मंग नाही अडवत," म्हणाले आणि गेले. पण पुढं जाऊन त्यांनी सांगितलं असणार. त्यानंतर एकही गाडी 'बसा' म्हणाली नाही. एकानं पाण्याची बाटली दिली, एकीनं केळी. वस्तीवरच्या एका म्हातारीनं यांच्या गालावरून हात फिरवला. "बरे होतील रे बाबू तुझे डोये," म्हणाली.

म्हातारी मागं पडल्यावर हे एकदम थांबले. "सगळ्या रस्त्याला सांगितलंस. आंधळा आहे म्हणून सांगितलंस. उद्याची परतीची गाडी बघ. पैज संपली. मी जिंकलो." आणि एकटेच भराभर पुढं निघाले. उजवीकडचा खड्डा दिसला नाही, पाय मुरगळला, तरी मागं वळून बघितलं नाही. मी त्या रस्त्यावर रडत चालले. लाज वाटली नाही, तिथं माझं होतं कोण?

बांधावरची बोर

शेतावर आम्ही पोचलो तेव्हा शकीलभाईंची गाडी आलेली होती. नसीमबींचा भाऊ कापूस घेऊन जिनिंग कारखान्यावर गेलेला, गडीमाणसंही त्याच्याबरोबर. शेतात नुसत्या तूर तोडणाऱ्या बाया आणि एक म्हातारा राखणदार. आगटी पेटली होती, पण आम्हा दोघांचे चेहरे बघून हुरडा कोणाच्या घशाखाली उतरेना.

वातावरण हलकं करावं म्हणून असेल, शकीलभाई उठले. "भाभीसाठी बोरं काढतो. बाजारातली बोरं काय बोरं असतात?" बांधावरच्या बोरीत त्यांनी हात घातला. आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

ओरडतच ते पळाले, खाली पडले, बायांनी पदर फडकावले. चार-पाच ठिकाणी डसल्या होत्या, मानेला, ओठाला. आधी आम्ही चुना शोधत बसलो. पण बघता बघता ओठ सुजला, डोळे मिटत आले, अंगभर गांधी उठल्या, आणि ते गळ्याला हात लावून खुणा करायला लागले. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

अँब्युलन्सला फोन लावला. निघते म्हणाले, पण यायला वेळ लागणार होता. भावाला लावला, तो जिनिंगवरून निघून येईपर्यंत काय? गाडी समोर उभी, चालवणारा जमिनीवर. नसीमबींनी नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि सरळ यांच्या हातात ठेवली.

"भाईसाब, चला लवकर. तुम्ही हाये म्हणून बरं."

यांनी किल्ली घेतली. लंगडत गाडीपाशी गेले, दार उघडून बसले. सीट मागं सरकवली, आरसा सारखा केला. सगळं चाळीस वर्षांच्या सवयीनं, एका दमात. बाया शकीलभाईंना उचलत होत्या. मी दाराशी उभी. बोलले तर इथं माणूस जायचा, नाही बोलले तर त्या वळणांच्या रस्त्यावर आम्ही सगळे, आणि समोरून येणारे कोण कोण. देवा, असली वेळ वैऱ्यावर येऊ नये.

हे समोर बघत बसले होते. किल्ली लावलेली, हात तिच्यावर. मग हात खाली आला. हे उतरले.

"मले दिसत नाही, नसीम," हे म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी यांच्या तोंडून ती भाषा ऐकली. "बाजूचं काहीच दिसत नाही मले. लय दिवसांपासून. मी चालवली तर मारून टाकीन सगळ्याइले."

नसीमबी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग "मंग आता?" असं म्हणून त्यांनी जो टाहो फोडला, तो अजून कानात आहे.

यांनी माझा हात धरला. "चल."

"कुठं?"

"रस्त्यावर. पायी चालू. कोणी नं कोणी थांबतेच."

शेतातून रस्ता हाकेवर. आम्ही बुलढाण्याच्या दिशेनं चालायला लागलो, हे लंगडत, मी जवळजवळ धावत. समोरून उसाची एक ट्रॉली गेली, उलट्या बाजूला. मग काही नाही. मागं नसीमबींचा आवाज. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही. आणि मागून मोटारसायकलचा आवाज आला, हात न दाखवताच हळू झाला.

"काऊन पायी चालून राह्यले काकाजी? नवस फिटला नाही का अजून?"

वानखडे गुरुजी! "गाडी चालवता येते का?" हे ओरडले. "चारचाकी?"

"हाव. काऊन?"

पुढचं सगळं धावपळीत झालं. मोटारसायकल बांधावर टाकून गुरुजी पळत आले. मागच्या सीटवर मधे शकीलभाई, दोन्हीकडे आम्ही बायका. हे पुढं बसले, डावीकडे. आमच्या लग्नापासून यांना त्या सीटवर बसलेलं मी बघितलं नव्हतं. हात मागं वळवून यांनी शकीलभाईंचं मनगट धरलं, ते दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही. "श्वास घे शकील. ही चढण गेली. आता आलंच," असं सारखं म्हणत होते. वाट मात्र खरंच पाठ होती.

इंजेक्शन दिल्यावर काही वेळानं ती शिट्टी थांबली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. संध्याकाळी शकीलभाईंनी सुजलेल्या ओठातून पहिलं विचारलं, "भाभी, बोरं राह्यलीच नं?" नसीमबींनी त्यांना तिथंच चार शब्द सुनावले, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

दवाखान्याच्या पायरीवर हे बसले होते. मी शेजारी बसले. हे म्हणाले, "किल्ली फिरवणारच होतो गं मी. समोर बघत होतो, आणि मला कळेना, तू कुठं आहेस."

मी दाराशी होते. हातभर अंतरावर.

पुणे

स्टेशनवर अमोल गाडी घेऊन आला होता. हे सवयीनं उजवीकडच्या दाराकडे गेले, तिथं थबकले, आणि बॉनेटला हात लावत लावत वळसा घालून डावीकडे आले. किल्ली अमोलला दिली. "विक नाहीतर वापर," एवढंच. मी पैजेबद्दल एक शब्द काढला नाही. जिंकल्यासारखं वाटतच नव्हतं.

आता हे रोज सकाळी काठी घेऊन दूध आणायला जातात. काठी मी आणली नाही, यांनीच घेतली. पहिले काही दिवस तोंड एवढंसं करून परत यायचे. एकदा मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "एवढ्या गाड्या जातात शेजारून, एक माणूस थांबून विचारत नाही." ते ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि डोळे पुसून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. हे काठी टेकत येत होते, दुधाची पिशवी हातात. आजूबाजूला सोसायटीतली चार माणसं होती, असू देत.

मी जोरात म्हटलं, "काऊन पायी चालून राह्यले जी?"

हे थांबले. आवाज कुठून आला ते शोधत मान हळूहळू वळवली, मी सापडेपर्यंत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नवस हाये. डोयांचा."